बटण बंद, दिवा थोडा चालू

ताई, तुझा दिवा अजून पुरता बंद होत नाही.

बटण बंद होतं. त्याचा खट्ट आवाज येतो, उजेड जातो, आणि डोळे अंधाराला सरावले की दिसतं, सगळा गेलेला नाही. मधल्या खोलीच्या खिडक्यांना तू उन्हाळ्यासाठी लावलेले जाड पडदे तसेच आहेत. बाहेर अमरावतीची दुपार भाजून निघते आहे, आत दिवसाही अंधार, आणि त्या अंधारात छतापासून तीन साखळ्यांवर लोंबणारा दुधी काचेचा गोल हळूच जागा राहतो. पाणी घालून घालून पातळ केलेल्या ताकासारखा उजेड. त्यात वाचता येत नाही, सुई ओवता येत नाही, समोरच्या माणसाचं तोंड दिसत नाही. फक्त दिवा दिसतो.

त्याच्याखाली खुर्ची टाकून भाऊजी बसलेले असतात.

"ती आहे," ते मला म्हणाले. तुझी तेरवी झाल्यावर, पाहुणे पांगल्यावर. भाऊजी कधी साधं वाक्य बोलत नाहीत हे मी तुला सांगायला नको. निवृत्त प्राचार्य. चहात साखर कमी आहे हेसुद्धा ते अध्यक्षीय समारोपासारखं सांगतात. पण हे दोन शब्द त्यांनी अगदी साधे उच्चारले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांची भीती वाटली.

कारण तो उजेड काय आहे हे मला माहीत होतं. तूच सांगितलं होतंस.

तुझी श्रद्धांजली सभा झाली, ती तुला आवडली नसती. फ्लेक्सवर तुझा जो फोटो होता, तो काढताना तू कोणाला तरी रागावत होतीस. ज्याला रागावत होतीस त्याला कापून काढलं आणि मागे ढग टाकले. पहिला वक्ता म्हणाला, तू शाळेत गणित शिकवायचीस. दुसरा म्हणाला, संस्कृत. विज्ञान कोणीच म्हणालं नाही. एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं: तू ज्योत होतीस, स्वतः जळून दुसऱ्याला प्रकाश दिलास. मी मागच्या रांगेत बसून विचार करत होतो, ह्या बाईनं अर्ध्या गल्लीचे साठ वॅटचे बल्ब काढून नऊ वॅटचे लावले, ते काय स्वतः जळायला? उगाच जळणं हा तुझ्या लेखी बिघाड होता.

भाऊजींच्या मानचिन्हांचं कपाट बैठकीत होतं. वरच्या सगळ्या खणांत शाली, श्रीफळांच्या चांदीच्या प्रतिकृती, काचेत उभी असलेली सोनेरी सरस्वती. सगळ्यात खालचा खण तुझा. टेस्टर, पक्कड, चिकटपट्टी, सोल्डरची बंदूक, आणि बिस्किटांच्या डब्यात जुने होल्डर. लोक नवे दिवे आणत होते आणि जुने भंगारात देत होते; तू भंगारवाल्याच्या आधी पोहोचायचीस. आट्यांचा होल्डर असला तर पिनचा करून घ्यायचीस. ट्यूबलाइटच्या पट्टीतून चोक आणि स्टार्टर काढून एलईडीची नळी बसवायचीस, आणि तो काढलेला चोक हातावर तोलत मला म्हणायचीस, "पाह्य, केवढं वजन. तुह्या भाऊजीच्या भाषणासारखं. काढून टाकलं तरी उजेड पडतेच."

आपला वाद आठवतो? तो आपण संपवला नाही. मी म्हणायचो, एलईडीच्या उजेडात घर दवाखान्यासारखं दिसतं आणि पुस्तक रिपोर्टासारखं.

"पिवळा घे ना मंग. मिळते. तुले दुकानात विचाराची लाज वाटते."

"पिवळा मिळतो, पण जुना दिवा जुना राहत नाही त्यानं."

"तू चष्मा लावला तं काय नवा झाला?"

मी म्हणालो, निदान हे बल्ब तापत तरी नाहीत. त्यावर तू मला बल्ब उलटा धरून दाखवलास. "तोंड थंड राहते याचं. मान तापते. बंद गोलात कोंडला की मानेपासून मरते." म्हणून कुठल्याही जुन्या काचेच्या गोलात एलईडी लावताना वरच्या झाकणाखाली तू बोटभर फट ठेवायचीस. त्याला श्वास घ्यायला. अकोल्याच्या कॉलेजात मी जन्मभर ग्रंथपाल होतो, पण वस्तूंच्या मानेकडे बघायला मला कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही.

हा दिवा आपल्या बाबांचा. अकोल्याला जठारपेठेतल्या घरी, त्यांच्या वकिलीच्या खोलीत टांगलेला असायचा, आणि त्याखाली पक्षकार आपापली खोटी तोंडं घेऊन बसायचे. मी ते घर नव्यानं बांधायला काढलं तेव्हा तू एवढंच मागितलंस. जुन्या साडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन एस.टी.त बसलीस. मूर्तिजापूरच्या पुढं कंडक्टर म्हणाला, "बाई, याचं अर्धं तिकीट घ्या लागते," आणि तू त्याला पदर सारून पितळेची नक्षी दाखवलीस. म्हणालीस, "हा माह्यापेक्षा मोठा हाये. याले ज्येष्ठ नागरिकात बसव."

भाऊजींना तो दिवा आवडला. त्यांना पितळेचं सगळंच आवडतं. तुझी भाषा मात्र त्यांना शेवटपर्यंत पितळी करता आली नाही. आपल्याकडच्या बायका 'मी करतो, मी येतो' म्हणतात. भाऊजीही मूळचे भातकुलीचे, त्यांच्या आईनं जन्मभर 'मी करतो'च म्हटलं. पण ते पुण्याला शिकून आले आणि येताना ती भाषा तिथल्या वसतिगृहात विसरून आले. जेवायला बसलं की चालायचं.

"भाजी गरम करतो," तू म्हणायचीस.

"करते."

"तुमी करता ते करता. मी करतो." आणि त्यांच्या ताटात पोळी पडायची.

मला बाजूला घेऊन तू म्हणाली होतीस, "झोपेतून उठले का माह्यासारखेच बोलतात. शुद्धीवर आले की शुद्ध."

मग एक दिवस तुझा फोन आला. "बंडू, बाबाच्या दिव्यात एलईडी लावला. गंमत झाली. बंद केला तरी उरते."

"काय उरतं?"

"उजेड."

"बाबा असतील. पुढची तारीख घ्यायला आले असतील."

तू हसली नाहीस. "भूत असतं तं बरं होतं. हे उलटं बटण हाये, बंडू."

आणि तू मला समजावलंस. वीज एका तारेनं येते आणि दुसरीनं परत जाते. बटणानं येणारी तार तोडली पाहिजे. तुमच्या घराची वायरिंग ज्या कोण्या शहाण्यानं केली, त्यानं बटण जाणाऱ्या तारेवर बसवलं होतं. "नळ बंद कराचा सोडून मोरीचं भोक बुजवलं त्यानं. पाणी वाहत नाई, म्हणून आपण म्हणतो नळ बंद झाला. नळ चालूच हाये." म्हणजे दिवा विझतो, पण वीज होल्डरपर्यंत येऊन बसलेली असते, रात्रंदिवस, बटण वर असो की खाली. जुन्या बल्बमध्ये हे कळत नसे. त्याला पेटायला पुष्कळ वीज लागायची, इतक्याशा गळतीनं त्याला जाग येत नसे. एलईडी इतक्याशावरही जागा राहतो. "जुना बल्ब जाड कातडीचा होता," तू म्हणालीस. "यानं चुगली केली."

मी विचारलं, मग इतकी वर्षं?

"इतकी वर्षं आपण बटण बंद करून होल्डरात हात घालून राहिलो. कोणाचं नशीब, कोणाची स्लिपर."

त्या दिवसापासून तुझा नियम झाला: मेन पाडल्याशिवाय होल्डरला हात नाही. घरी कामाला येणाऱ्या रंजनाला सांगितलंस, शेजारणीला सांगितलंस, मला तर फोनवर म्हणायला लावलंस. मी म्हटलं, पाठ झालं. तू म्हणालीस, "तुह्या पाठांतराचा काय भरोसा. तुले सगळंच पाठ राहते, करत काईच नाई."

दुरुस्ती मोठी नव्हती. पण त्या खोलीच्या तारा छतावरून गेल्या होत्या, आणि छताला नुकतंच पीओपी झालं होतं. वेली, फुलं, मधोमध कमळ. भाऊजींचा अमृतमहोत्सव ठरला होता. समिती होती, स्वागताध्यक्ष होते, गौरवग्रंथासाठी माझ्याकडून 'मला दिसलेले प्राचार्य' असा लेख मागवला होता. मी जेवायला होतो त्या दिवशी तू विषय काढलास.

"वरचं पीओपी थोडंसं उघडा लागते."

"उघडावं लागतं," भाऊजी म्हणाले.

"तेच. उघडा लागते."

"सोहळा होऊ दे, शालिनी. पाहुणे येतील, त्यांची नजर आधी छताकडे जाते."

"छत दाखवाले सत्कार ठेवला काय तुमी?"

भाऊजी मोठ्यानं हसले. मीही हसलो. तू हसत हसत वर पाहिलंस, आणि थोडी जास्त वेळ पाहत राहिलीस. ते पाहणं मला आता पुनःपुन्हा दिसतं.

शेवटच्या दिवशी दुपारी तू फोन केलास तो ह्याच दिव्यासाठी. बल्ब गेला होता. पीओपीच्या माणसांनी रंग लावताना वरची फट बुजवून टाकली होती. "मानेपासून मेला," तू म्हणालीस. संध्याकाळी समितीचे लोक घर बघायला येणार होते आणि भाऊजींना तो दिवा लागलेला हवा होता.

"मग बदल," मी म्हणालो.

"ते झोपले की मी करतो."

मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. भाऊजी जागे असले की खाली उभं राहून मार्गदर्शन करतात. तू त्यांच्या झोपेची वाट पाहून घरातली किती कामं उरकलीस ह्याची गणती नाही. मी हसलो. तू म्हणालीस, ऊन फार आहे, बाहेर पडू नको. फोन ठेवलास.

रंजनाला तू मधल्या खोलीत लोखंडी स्टुलापाशी पडलेली सापडलीस. नवा बल्ब बसवून झाला होता, पितळी झाकणाचा स्क्रू आवळायचा राहिला होता. डॉक्टर म्हणाले, ऊन, वय, चक्कर, डोक्याला मार. मे महिन्यात अमरावतीत ह्यावर कोणी प्रश्न विचारत नाही. मीही विचारला नाही. तुझ्या उजव्या हाताच्या बोटावर एक पांढरट डाग होता. सोल्डरच्या चटक्यांचे तसले डाग तुझ्या बोटांवर कायम असत. मी तो पाहिला, आणि तुझ्या तोंडात पाणी घातलं.

तेरवीनंतर मी राहिलो. अकोल्याला जाऊन करणार काय? तिथं वाचायच्या खुर्चीवर तूच बसवलेला दिवा आहे. पिवळा. तू स्वतः दुकानात विचारून आणलेला, मला लाज वाटते म्हणून. त्याच्याखाली बसून मी कितीतरी संध्याकाळी तुझ्याविरुद्ध युक्तिवाद शोधले आहेत. उजेड चांगला आहे, ताई. हे तुला सांगायचं राहिलं.

इथं रंजना मधल्या खोलीत जात नाही. केरसुणी उंबऱ्याशी ठेवते आणि वळते. "मी नाई जात आत, दादा," ती मला म्हणाली. "बाई अजून जाऊन नाई राहिल्या." शेजारच्या बाया येतात, उंबऱ्यातूनच बघतात, पदर तोंडाला लावतात, बटण बंद आहे ना ह्याची एकमेकींना खात्री करून देतात. घरात एक नवंच वळण पडलं आहे: त्या खोलीजवळ आलं की आवाज खाली जातो. मी सोडून सगळ्यांचा. मग माझाही जायला लागला.

भाऊजी मात्र आत असतात. एका दुपारी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेलो, तर ते खुर्चीवर चढून दिवा पुसत होते. ओल्या फडक्यानं. गोल, पितळेची कड, साखळ्या.

"भाऊजी, खाली उतरा."

"रोज पुसतो मी. तिनं स्वच्छ ठेवला होता." ते उतरले, फडकं पिळलं, बसले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुला एक सांगू? तू हसशील. तू कशालाही हसतोस. पण हात लावला की हातात बारीक झिणझिण्या येतात. बोटांपासून कोपरापर्यंत. हात धरल्यासारखं."

मी हसलो नाही.

"जिवंतपणी तिनं माझा हात असा कधी धरला नाही," ते म्हणाले. "आता धरते."

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. टाचा दुखतात म्हणून घरातही ते जाड रबरी स्लिपर घालतात. भटजी आले तरी काढत नाहीत. तू त्यावरून त्यांना किती छळायचीस.

त्यांना बोलायचं होतं. अमृतमहोत्सव अर्थातच रद्द झाला होता, पण समिती रद्द झाली नव्हती. बिनकामाची समिती ही मोठी धोक्याची गोष्ट असते. तिनं तुला घेतलं. तुझ्या मासिक श्राद्धाच्या दिवशी ह्या दिव्याचं 'स्मृतिदीप' म्हणून पूजन. तुझ्या शाळेच्या मुली रांगेनं येणार, एकेक करून दिव्याला हार घालणार, हात लावून नमस्कार करणार. फोटोवाला सांगितला होता. मुलींचे हात पुरावेत म्हणून मांडववाला दुसऱ्या दिवशी येऊन साखळ्या लांब करून देणार होता.

"दिवा बंदच ठेवायचा," भाऊजी म्हणाले. "बंद असूनही ती तेवते, हे मुलींनी बघावं."

मी चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात आलो आणि ओट्याला धरून उभा राहिलो. मुली चपला बाहेर काढून येतील. फरशी तेवढ्यात पुसलेली असेल. हारवाला हार पाणी मारून देतो.

मला सांगायचं होतं. पण काय सांगणार? तुमची बायको तिथं नाही, तिथं गळती आहे? ह्या माणसाला इतक्या शालींमध्ये कधी ऊब मिळाली नसेल, ती त्या झिणझिण्यांत मिळत होती. आणि मी सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. तो प्रश्न मला त्या वेळी पुरता दिसत नव्हता. फक्त तो आहे एवढं जाणवत होतं, अंधाऱ्या खोलीत शिरल्यावर कोणीतरी आधीच बसलेलं असावं तसं.

भाऊजी झोपायला गेले. त्यांच्या खोलीत कूलर घरघरू लागला. मी कपाटाचा खालचा खण उघडला आणि तुझा टेस्टर घेतला. त्यांच्या पलंगाशी त्यांच्या स्लिपर होत्या, त्या पायांत घातल्या. मधल्या खोलीत लाकडी खुर्चीवर चढलो. बटण बंद. टेस्टरचं टोक, तू शिकवलं होतंस तसं, आधी होल्डरला नाही, पितळेच्या कडेला लावलं. मागच्या टोकावर बोट ठेवलं.

टेस्टर पेटला.

नारिंगी, धान्याच्या दाण्याएवढा. साखळीला लावला, पेटला. दुसऱ्या साखळीला, तिसऱ्या. झाकणाच्या नक्षीला. बाबांच्या दिव्याच्या आतली कापडी तार कुठंतरी उसवून पितळेला टेकली होती, आणि सगळा दिवा, वरपासून खालपर्यंत, वाट बघत लोंबत होता.

खुर्चीवरून उतरलो आणि मेनकडे गेलो. दारामागे, तुझ्या छत्रीच्या वर. खटक्यावर बोट ठेवलं. आणि आतून येणारा कूलरचा आवाज मला ऐकू आला.

आधीही येतच होता. पण आता ऐकू आला. मेन पाडला की कूलर बंद पडतो. कूलर बंद पडला की भाऊजी उठतात. तू गेलीस त्याच्या आदल्या रात्री सोहळ्याच्या काळजीनं ते झोपले नव्हते, हे तू फोनवर म्हणाली होतीस. आणि रंजना त्या दिवसाचं सांगताना दर वेळी एक वाक्य म्हणायची, ज्याच्याकडे आम्ही कोणी लक्ष दिलं नव्हतं: "मी केवढ्यानं बोंबलली दादा, पण कूलरच्या आवाजात सायबाले ऐकूच नाई गेलं."

कूलर चालू होता. तू मेन पाडला नव्हतास. नियम केल्यापासून पहिल्यांदा. ते झोपले की मी करतो.

मी मेन पाडला.

घर एकदम गप्प झालं. कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं, पाण्याचा थेंब टपकला, आणि आतून, झोपेतून, आवाज आला:

"शालू, लाइन गेली काय वं?"

शुद्धीवर आले नव्हते अजून.

मी खुर्चीवर चढून दिव्याच्या दोन्ही तारा सोडवल्या, टोकांना चिकटपट्टी गुंडाळली. खाली उतरलो तेव्हा भाऊजी दारात उभे होते, घामानं बंडी भिजलेली, पाय अनवाणी, कारण त्यांच्या स्लिपर माझ्या पायांत होत्या. ते पुढे आले आणि नेहमीच्या सवयीनं, चवड्यांवर उंच होऊन, दिव्याला हात लावला. मेन बंद आहे हे माहीत असूनही मी डोळे मिटले.

"झिणझिणत नाही," ते म्हणाले.

मी मेन चढवला. कूलर सुरू झाला. दिव्याचं बटण वर केलं, खाली केलं. काही नाही. डोळे अंधाराला सरावले, तरी काही नाही.

"काय केलंस तू?"

"तार सैल होती, भाऊजी. पितळेत वीज उतरली होती. मुलींना शॉक बसला असता."

"शॉक," ते म्हणाले. भाऊजींना पोकळ शब्दांचा सोस आहे, पण ते मूर्ख नाहीत, तूच म्हणायचीस. त्यांनी दिव्याकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या लोखंडी स्टुलाकडे पाहिलं. स्वतःच्या बोटांकडे पाहिलं.

"मग तिनं मेन का पाडला नाही?"

हाच तो प्रश्न.

"विसरली असेल," मी म्हणालो.

"शालू विसरत नसे." ते खुर्चीत बसले. "त्या दुपारी तुझ्याशी बोलली होती. काय म्हणाली?"

मी आयुष्यभर लोकांना त्यांनी मागितलेलं पुस्तक काढून देत आलो, ताई. त्यांना ते झेपेल की नाही हे पाहणं माझं काम नव्हतं. पण हे एक मला मागे, भिंतीकडे, सरकवून ठेवायचं होतं. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले. बाबांचे पक्षकार ह्याच दिव्याखाली असेच बसायचे, आणि बाबा शेवटी त्यांना काय ते स्पष्ट सांगत.

"म्हणाली, ते झोपले की मी करतो."

कूलर चालू होता. भाऊजी उठले, आत गेले, आणि त्यांनी कूलर बंद केला. मग येऊन पुन्हा त्याच खुर्चीत बसले. आम्ही दोघं त्या काळ्या दिव्याखाली, घामानं निथळत, ऊन उतरेपर्यंत बसलो. उन्हाळा संपला नाही, पण कूलर त्यांनी त्यानंतर लावलेला नाही.

मांडववाल्याला परत पाठवलं. पीओपीतलं कमळ फोडलं. वायरिंगवाला दोन दिवस वर चढून होता. घरातली जवळजवळ सगळी बटणं उलटी निघाली. बाबांच्या दिव्यात नवी तार घातली, वर फट ठेवली. तो आता लागतो आणि बंद होतो. रंजना आत केर काढते. मी भुतं मानत नाही हे तुला ठाऊक आहे. तरी काम झालं त्या दुपारी, सगळे गेल्यावर, मी बटण बंद केलं आणि डोळे सरावेपर्यंत तिथं उभा राहिलो. मग आणखी थोडा वेळ.

समितीला स्मरणिका काढायची आहे. मी भाऊजींना म्हणालो, मला ज्योत वगैरे जमणार नाही.

"जसं झालं तसं लिही," ते म्हणाले. "माझी झोपसुद्धा."

मी लिहायला बसलो. ते दारापर्यंत गेले, थांबले, माझ्याकडे पाठ करूनच म्हणाले, "आणि ती म्हणाली ते तसंच ठेव. 'करतो'. सुधारू नको."